पॉवरशेल परीक्षण: कमांडची नावं एका वळणाची असली की काम किती हलकं होतं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या छोट्या ऑफिसांत कॉम्प्युटरसाठी वेगळा माणूस सहसा नसतो. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत हिशेब बघणारा, टिळकवाडीतल्या सोसायटीत काउंटर सांभाळणारा किंवा बाजारातल्या दुकानात बिलं काढणारा, यांच्यापैकीच एकाच्या गळ्यात ते काम पडतं. प्रिंटर अडकला, डिस्क भरली, सभासदांची यादी उघडली तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं, हे सगळं त्यानेच निस्तरायचं. अशा माणसाने विंडोजवरची एकच कमांड-भाषा शिकायची असेल तर पॉवरशेल शिकावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. वेग किंवा ताकद यापेक्षाही मोठं कारण म्हणजे तिच्यातल्या कमांडची नावं एका नियमाने ठेवलेली आहेत. पाठांतर कमी लागतं आणि अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. जिथे नियम मोडलाय किंवा नाव सारखं पण वागणं निराळं आहे, तिथे मात्र चांगलाच फटका बसतो. त्या जागा खाली सविस्तर दिल्या आहेत.

इथे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत; टाईप करायच्या त्या रोमन अक्षरांत. दोन शब्दांमध्ये आडवी रेघ, आणि लहान-मोठ्या अक्षरांनी काही फरक पडत नाही.

आधी पदरी काय पडतं ते बघू. मायक्रोसॉफ्टचे इंजिनीअर जेफ्री स्नोव्हर यांनी २००२ मध्ये ही कल्पना मांडली, पहिली आवृत्ती २००६ मध्ये आली आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा सोर्स कोड एमआयटी लायसन्सखाली (कोणीही वापरावा, बदलावा अशा परवान्याने) खुला केला. विंडोज १० आणि ११ मध्ये ५.१ ही आवृत्ती आधीच बसवलेली असते. ७ ही नवी आवृत्ती वेगळी घ्यावी लागते, तीही फुकट: ‘विंगेट इन्स्टॉल मायक्रोसॉफ्ट.पॉवरशेल’ एवढं पुरतं. दोन्ही एकाच मशीनवर सुखाने नांदतात. जुनी ‘पॉवरशेल’ नावाने सुरू होते, नवी ‘पीडब्ल्यूएसएच’ नावाने. ‘अमुक कमांड माझ्याकडे चालत नाही’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा एवढंच असतं की दोघं वेगवेगळ्या खिडकीत बसलेत.

नियम असा: आधी क्रिया, मग रेघ, मग वस्तू, आणि वस्तू नेहमी एकवचनी. गेट-प्रोसेस, गेट-सर्व्हिस, स्टॉप-प्रोसेस, रिस्टार्ट-सर्व्हिस. (प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, सर्व्हिस म्हणजे पडद्यामागे चालणारा.) यादी शंभर प्रोसेसची आली तरी नाव ‘गेट-प्रोसेस’च राहतं. क्रियाही मनाला येईल ती वापरायची नाही. शंभराच्या आसपास क्रिया मंजूर आहेत आणि ‘गेट-व्हर्ब’ दिलं की त्यांची यादी समोर येते. काढून टाकणे म्हणजे ‘रिमूव्ह’. डिलीट, इरेज यांना प्रवेश नाही. थांबवणे म्हणजे ‘स्टॉप’. किल, एंड, टर्मिनेट नाही. जोड्याही ठरलेल्या आहेत: गेट-सेट, अ‍ॅड-रिमूव्ह, स्टार्ट-स्टॉप, इम्पोर्ट-एक्स्पोर्ट, एनेबल-डिसेबल, सस्पेंड-रिझ्यूम. जोडीतली एक माहीत असली की दुसरी शोधायला लागत नाही.

लिनक्सवरून आलेल्या माणसाला याचं मोल चटकन कळतं. तिथे ‘ग्रेप’ला लहान ‘व्ही’ लावला की न जुळणाऱ्या ओळी मिळतात, ‘सीपी’ला तोच ‘व्ही’ लावला की काय चाललंय ते सांगतो. पोर्ट सांगायला ‘एसएसएच’ला लहान ‘पी’, ‘एससीपी’ला मोठा. ‘टेल’चा ‘एफ’ म्हणजे मागावर राहा, ‘आरएम’चा ‘एफ’ म्हणजे विचारू नको. प्रत्येक हत्यार वेगळ्या माणसाने वेगळ्या काळी घडवलं, त्यामुळे असं झालं. त्यात कोणाची चूक नाही. पण नव्या माणसाला प्रत्येकाची खोड वेगळी लक्षात ठेवावी लागते. पॉवरशेलमध्ये ‘-पाथ’, ‘-नेम’, ‘-फोर्स’, ‘-रिकर्स’, ‘-व्हॉटइफ’ हे शब्द जिथे येतील तिथे त्याच अर्थाने येतात.

या नियमाचा फायदा नेमका कसा होतो ते प्रिंटरवर दाखवतो, कारण महिनाअखेरीला घोडं तिथेच अडतं. कमांड माहीत नाही असं धरा. ‘गेट-कमांड -नाउन प्रिंटर’ टाका (‘नाउन’ म्हणजे नावातली वस्तू). अ‍ॅड, गेट, रिमूव्ह, रिनेम, सेट आणि आउट, एवढ्या क्रिया प्रिंटरवर चालतात हे समोर दिसतं. मग ‘गेट-कमांड -नाउन प्रिंटजॉब’: गेट, रिमूव्ह, रिस्टार्ट, रिझ्यूम, सस्पेंड. पुस्तक नाही, इंटरनेट नाही, आणि निम्मं काम झालं. विंडोज ८ पासून पुढच्या सगळ्या मशीनवर हा संच असतो.

आता अडकलेली बिलं. ‘गेट-प्रिंटर’ने प्रिंटरचं नेमकं नाव बघा. नावात मोकळी जागा असेल तर ते अवतरणचिन्हात घालायचं. मग ‘गेट-प्रिंटजॉब -प्रिंटरनेम’ आणि ते नाव. रांगेत काय पडलंय ते दिसेल. सगळं काढायचं असेल तर त्याच ओळीच्या शेवटी उभी रेघ (आधीच्या कमांडचा निकाल पुढच्या कमांडकडे देणारी) देऊन ‘रिमूव्ह-प्रिंटजॉब’ लिहा. कधी कधी जॉब ‘डिलीटिंग’ या अवस्थेतच रुतून बसतो आणि या कमांडलाही दाद देत नाही. तेव्हा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीत क्रमाने तीन गोष्टी: ‘स्टॉप-सर्व्हिस स्पूलर’ (स्पूलर म्हणजे छपाईची रांग सांभाळणारी सर्व्हिस), मग विंडोजच्या ‘सिस्टिम३२’ फोल्डरातल्या ‘स्पूल’मधल्या ‘प्रिंटर्स’ फोल्डरमधल्या फाइलींवर ‘रिमूव्ह-आयटम’, मग ‘स्टार्ट-सर्व्हिस स्पूलर’. मधली पायरी गाळून नुसतं रिस्टार्ट केलं तर तोच बिघडलेला जॉब फाइलीतून पुन्हा उचलला जातो, आणि दहा मिनिटांनी तुम्ही परत तिथेच. आणि फाइली काढायच्या त्या फक्त आतल्या. ‘प्रिंटर्स’ हे फोल्डर तसंच ठेवायचं.

क्रियांचे अर्थ बारकाईने वेगळे ठेवलेत, आणि ते समजून घेण्यात घालवलेला अर्धा तास वाया जात नाही. ‘न्यू’ म्हणजे जे नव्हतंच ते निर्माण करणं. ‘अ‍ॅड’ म्हणजे आधीच असलेल्या ठिकाणी भर घालणं. ‘सेट’ म्हणजे असलेल्याची किंमत बदलणं. म्हणून ‘अ‍ॅड-कंटेंट’ फाइलीच्या शेवटी ओळ जोडतं आणि ‘सेट-कंटेंट’ फाइलीतला आधीचा सगळा मजकूर पुसून नवा लिहितं. रोजच्या नोंदीच्या फाइलीवर चुकून ‘सेट’ चालवलं की वर्षाची नोंद गेली, आणि ती रिसायकल बिनमध्येही मिळत नाही. ‘क्लिअर’ आतलं रिकामं करतं, भांडं ठेवतं; ‘रिमूव्ह’ भांड्यासकट नेतं. ‘कन्व्हर्टटू’ची क्रिया मेमरीत घडते आणि निकाल पडद्यावर किंवा पुढच्या कमांडकडे जातो; ‘एक्स्पोर्ट’ थेट फाइल लिहितं. ‘कन्व्हर्टटू-सीएसव्ही’ (सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली यादी) चालवून फाइल कुठे गेली म्हणून शोधत बसणारे बरेच भेटतात. फाइल झालेलीच नसते.

आता नियम कुठे मोडतो ते. सॉर्ट-ऑब्जेक्ट, व्हेअर-ऑब्जेक्ट, फॉरईच-ऑब्जेक्ट, टी-ऑब्जेक्ट या रोजच्या वापरातल्या कमांडींच्या क्रिया मंजूर यादीत नाहीतच. पहिल्याच आठवड्यात पाठ होतात, म्हणून त्याचं फारसं वावडं नाही. जेसनचं, म्हणजे माहिती मजकुरात मांडायच्या एका पद्धतीचं, दुखणं मोठं आहे. इम्पोर्ट-सीएसव्ही आहे, एक्स्पोर्ट-सीएसव्ही आहे, म्हणून माणूस बिनदिक्कत ‘इम्पोर्ट-जेसन’ टाकतो, आणि ती नाही. ‘गेट-कंटेंट -रॉ’ने फाइल वाचून ‘कन्व्हर्टफ्रॉम-जेसन’कडे द्यायची. परत लिहिताना ‘कन्व्हर्टटू-जेसन’ दोनच पातळ्या खोल जातं; त्याखालचं सगळं सपाट मजकूर होऊन बसतं. ई-इनव्हॉइससारख्या आत-आत माहिती असलेल्या फाइलीवर हे झालं की फाइल दिसायला ठीक आणि अपलोड करताना नापास. ‘-डेप्थ १०’ लिहायची सवयच लावून घ्यावी. ७.१ पासून निदान इशारा मिळतो, ५.१ मुकाट्याने कापतं.

सगळ्यात घातक जागा मात्र सर्व्हिसची. ‘गेट-कमांड -नाउन सर्व्हिस’ ५.१ मध्ये चालवा: गेट, न्यू, सेट, स्टार्ट, स्टॉप, रिस्टार्ट, सस्पेंड, रिझ्यूम सगळे हजर, ‘रिमूव्ह’ गैरहजर. ‘न्यू’ आहे म्हणजे ‘रिमूव्ह’ असणार हा नियमानुसार केलेला अंदाज इथे फसतो. मग जुना जाणकार सांगतो, ‘एससी डिलीट’ आणि सर्व्हिसचं नाव टाक. जुन्या काळ्या कमांड प्रॉम्प्टमध्ये तो सल्ला बरोबर आहे. पॉवरशेल ५.१ मध्ये ‘एससी’ हे ‘सेट-कंटेंट’चं टोपणनाव आहे! त्यामुळे सर्व्हिस जागच्या जागी राहते आणि चालू फोल्डरात ‘डिलीट’ नावाची एक फाइल तयार होते, तिच्यात सर्व्हिसचं नाव. एररचा पत्ता नाही, सगळं नीट झाल्यासारखं वाटतं. ‘एससी क्वेरी’ आणि सर्व्हिसचं नाव टाकलं तर ‘क्वेरी’ नावाची फाइल. कोणाच्या डेस्कटॉपवर किंवा सिस्टिम फोल्डरात अशा नावाची, शेपटी नसलेली फाइल दिसली तर समजून जा. उपाय सोपा: ‘एससी.ईएक्सई’ असं पूर्ण लिहायचं. आवृत्ती ६ पासून ‘रिमूव्ह-सर्व्हिस’ आली आणि ‘एससी’ टोपणनाव काढलं, म्हणजे ७ मध्ये दोन्ही बाजूंनी दुरुस्ती झाली. ‘व्हेअर’चीही तीच गत: प्रोग्रॅम कुठे आहे ते शोधायला ‘व्हेअर.ईएक्सई’ लिहावं लागतं, नुसतं ‘व्हेअर’ म्हणजे व्हेअर-ऑब्जेक्ट. ‘कर्ल’ ५.१ मध्ये इन्व्होक-वेबरिक्वेस्टचं टोपणनाव, ७ मध्ये खरा कर्ल. म्हणून हाताने टाईप करताना टोपणनावं खुशाल वापरा. स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कमांडी लिहून ठेवलेल्या फाइलीत, एकही नको.

सीमाभागात काम करणाऱ्याला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट याहून वेगळी आहे. इथे एकाच यादीत मराठी, कन्नड आणि इंग्रजी नावं असतात: सभासद मराठीत, गावाचं सरकारी नाव कन्नडमध्ये, खातं इंग्रजीत. या मजकुरासाठी ‘-एन्कोडिंग’ (अक्षरं फाइलीत कोणत्या पद्धतीने साठवायची ते) हा शब्द प्रत्येक कमांडला सारखाच आहे, पण तो लिहिला नाही तर ५.१ मध्ये प्रत्येक कमांड आपापल्या मर्जीने वागते. एक्स्पोर्ट-सीएसव्ही आस्की, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांची पद्धत, लिहितं: मराठी आणि कन्नड दोन्ही अक्षरांची प्रश्नचिन्हं, आणि ती परत अक्षरं होत नाहीत, मूळ माहिती गेलेली असते. सेट-कंटेंट मशीनच्या जुन्या कोडपेजमध्ये (मोजक्याच अक्षरांच्या तक्त्यात) लिहितं, निकाल तोच. आउट-फाइल आणि ‘>’ हे चिन्ह यूटीएफ-१६ (यूटीएफ-८ सारखीच सगळ्या भाषांची युनिकोड पद्धत) लिहितात, त्यात अक्षरं शाबूत राहतात. पण यूटीएफ-८ फाइलीच्या शेवटी ‘>>’ने ओळ जोडली तर एका फाइलीत दोन पद्धती मिसळतात आणि जोडलेला भाग वाचता येत नाही. वाचतानाही तसंच: सुरुवातीला पद्धत सांगणारी खूण (बीओएम) नसलेली यूटीएफ-८ फाइल इम्पोर्ट-सीएसव्ही नीट वाचतं, गेट-कंटेंट मात्र तिचा चुथडा करतं. नावं सारखी आणि वागणं असं, ही ५.१ची सगळ्यात मोठी उणीव. नाव बघून माणूस विश्वास टाकतो, तिथेच दगा होतो.

७ ने हे निस्तरलंय: सगळीकडे यूटीएफ-८, खुणेशिवाय. फक्त एक मेख उरते. सीएसव्हीवर डबल-क्लिक करून एक्सेल उघडलं की खूण नसल्यामुळे एक्सेल ती यूटीएफ-८ ओळखत नाही आणि नावांच्या जागी परकी तुटक अक्षरं दाखवतं. इथे माहिती गेलेली नसते, फक्त चुकीची वाचलेली असते. म्हणून ऑफिसात एक्सेलला द्यायची फाइल ७ मध्ये ‘-एन्कोडिंग यूटीएफ८बीओएम’ लावून काढा. ५.१ मध्ये हा शब्द ओळखीचा नाही. तिथे नुसतं ‘यूटीएफ८’ लिहिलं तरी खूण लागते. तोच ‘यूटीएफ८’ शब्द ७ मध्ये खूण लावत नाही. एकच स्क्रिप्ट दोन्हीकडे चालवायची असेल तर आवृत्ती तपासून शब्द बदलावा, किंवा सरळ सगळ्या मशीनवर ७ बसवावी. आम्ही दुसऱ्याच्या बाजूने.

स्क्रिप्टची फाइलसुद्धा याच नियमात येते. आत देवनागरी किंवा कन्नड मजकूर असेल आणि फाइल खुणेशिवाय सेव्ह केली असेल, तर ५.१ ती चुकीची वाचतं आणि फोल्डरचं नाव जुळत नाही. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ निवडा. जुन्या निळ्या खिडकीत आपली अक्षरं चौकोन दिसतात, त्यावरून घाबरू नका किंवा निष्कर्षही काढू नका. फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. आणि यादी नुडी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात टाईप केलेली असेल तर कोणतंही एन्कोडिंग कामाला येणार नाही. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

‘-पाथ’बद्दल एक गोष्ट. त्यात चौकोनी कंसाला विशेष अर्थ आहे. ‘बिल[१]’ अशा नावाची डाउनलोड केलेली फाइल ‘-पाथ’ने सापडत नाही, ‘-लिटरलपाथ’ वापरा.

स्वतःची कमांड लिहायला लागलात की हा नियम तुमच्या अंगावर येतो, आणि तो पाळण्यात फायदा आहे. फाउंड्रीचं उदाहरण घ्या: प्रत्येक हीट नंबरचं (वितळवलेल्या धातूच्या एका घाण्याच्या क्रमांकाचं) टेस्ट सर्टिफिकेट पीडीएफ म्हणून ठेवलेलं असतं. लोक नावं ठेवतात ‘चेक-सर्टिफिकेट्स’, ‘डिलीट-ओल्डफाइल्स’, ‘क्रिएट-लिस्ट’. तीनही क्रिया यादीबाहेरच्या. मॉड्यूल (कमांडींचा एकत्र संच) म्हणून ‘इम्पोर्ट-मॉड्यूल’ केलं की पिवळ्या अक्षरात इशारा येतो: काही कमांडींच्या क्रिया मंजूर नाहीत, त्यामुळे त्या शोधायला अवघड जातील. काम अडत नाही, आणि ‘-डिसेबलनेमचेकिंग’ने इशारा दडपताही येतो. तसं करू नका. वस्तूचं एकच एकवचनी नाव ठरवा, समजा ‘हीटसर्ट’. मग यादी देणारी गेट-हीटसर्ट, आहे की नाही तपासून फक्त हो किंवा नाही देणारी टेस्ट-हीटसर्ट, जुनं काढणारी रिमूव्ह-हीटसर्ट, फाइलीत यादी लिहिणारी एक्स्पोर्ट-हीटसर्ट. उद्या तुमच्या जागी आलेल्या मुलाने ‘गेट-कमांड -नाउन हीटसर्ट’ टाकलं की त्याला सगळा संच एका नजरेत दिसतो; कागदावर लिहून ठेवायची गरज राहत नाही.

वस्तूच्या नावाच्या सुरुवातीला कारखान्याची दोन-तीन अक्षरं जोडावीत. त्याचं कारण मोठ्या कंपन्यांनी दाखवून दिलंय: मशीनच्या आत आभासी मशीन चालवणाऱ्या हायपर-व्हीची गेट-व्हीएम आणि व्हीएमवेअरच्या पॉवरसीएलआयची गेट-व्हीएम, दोन्हींचं नाव एकच. दोन्ही मॉड्यूल एका मशीनवर असली की कोणती चालेल ते कोणतं नंतर लोड झालं त्यावर ठरतं. तिथे ‘हायपर-व्ही\गेट-व्हीएम’ असं मॉड्यूलसकट लिहावं लागतं, किंवा इम्पोर्ट करताना ‘-प्रीफिक्स’ लावावा लागतो.

पॅरामीटरची (कमांडपुढे रेघेने द्यायच्या शब्दांची) नावंही आपल्या मनाची नकोत. फोल्डरला ‘-पाथ’च म्हणा, ‘-फोल्डरनेम’ नको. आणि काढून टाकणारी कमांड लिहिताना एक ओळ कधीही विसरू नका: फंक्शनच्या सुरुवातीला ‘सीएमडीलेटबाइंडिंग’ आणि त्याच्या कंसात ‘सपोर्ट्सशुडप्रोसेस’. ती असली की ‘-व्हॉटइफ’ चालतं, म्हणजे काय काय जाईल ते फक्त दाखवतं आणि हात लावत नाही. ती ओळ मुळीच नसली तर साध्या फंक्शनमध्ये ‘-व्हॉटइफ’ एक अनोळखी शब्द म्हणून बाजूला पडतो, तक्रारही येत नाही, आणि फाइली खरोखर जातात. रिमूव्ह-आयटमच्या सवयीने माणूस निर्धास्तपणे ‘-व्हॉटइफ’ लावतो आणि सर्टिफिकेटं उडतात. नाव ‘रिमूव्ह’ ठेवलंत तर वागणंही त्या नावाला साजेसं द्यायलाच हवं.

हे सगळं डोळ्यांनी तपासत बसू नका. ‘इन्स्टॉल-मॉड्यूल पीएसस्क्रिप्टअ‍ॅनालायझर’ करून स्क्रिप्ट तपासणारं मॉड्यूल बसवा, मग ‘इन्व्होक-स्क्रिप्टअ‍ॅनालायझर -पाथ’ आणि फाइलीचं नाव. यादीबाहेरची क्रिया, अनेकवचनी वस्तू, स्क्रिप्टमधलं टोपणनाव, तिन्हींसाठी त्यात नियम आहेत आणि ओळ क्रमांकासकट दाखवतो.

बसवताना दोन ठिकाणी अडायला होतं. पहिली स्क्रिप्ट चालवली की लाल अक्षरात नकार येतो, कारण साध्या (सर्व्हर नसलेल्या) विंडोजवर स्क्रिप्टना मुळात बंदी असते. ‘सेट-एक्झिक्युशनपॉलिसी रिमोटसाइन्ड -स्कोप करंटयूजर’ एकदाच चालवा. अ‍ॅडमिन लागत नाही. दुसऱ्याने ईमेलवर पाठवलेली स्क्रिप्ट तरीही अडली तर आधी ती उघडून वाचा, आणि मगच ‘अनब्लॉक-फाइल’ द्या. मदतीची पानं मशीनवर आधीपासून पुरी नसतात. इंटरनेट चांगलं असलेल्या दिवशी अ‍ॅडमिन खिडकीत ‘अपडेट-हेल्प’ करून ठेवा. मग लाइन बंद असतानाही ‘गेट-हेल्प रिमूव्ह-आयटम -एक्झाम्पल्स’ उदाहरणांसकट उघडतं.